दर्ज (तापत्या जमिनीवरील फरशीची)

लगतच्या दोन फरश्यांमध्ये मुद्दाम राखून ग्राउटने (फटी भरण्याच्या लगद्याने) भरलेली फट. हा शब्द फार्सी ‘दर्झ’ म्हणजे शिवण यावरून आल्याचे सामान्यतः मानतात. गुणवत्तेचा ‘दर्जा’ निराळा. कोब्यात गरम पाण्याच्या नळ्या किंवा विजेच्या तारा पुरलेल्या असतील (अंडरफ्लोअर हीटिंग), तर वरच्या मोठ्या फरश्यांची दर्ज किती ठेवावी, याविषयी मतभेद आहेत. अमेरिकी मानकांत साधारणपणे 15 इंचांपुढची (सु. 38 सेंमी.) बाजू असलेली फरशी मोठी धरतात.

जमीन तापली की फरशी फुगते, म्हणून दर्ज 5 मिमी. किंवा अधिक हवी, असे एक मत आहे. कारागिरांत ते बरेच रुळलेले दिसते. हिशेब मात्र त्याला फारसा आधार देत नाही. पोर्सेलीन फरशी दर अंशाला मीटरमागे सु. 0.007 मिमी. वाढते, तर सिमेंटचा कोबा सु. 0.011 मिमी. तापमान 20° से.ने चढले, तर 60 सेंमी. फरशी जेमतेम 0.08 मिमी. वाढेल आणि तिच्याखालचा कोबा 0.13 मिमी. म्हणजे फरशीपेक्षा कोबाच जास्त पसरतो. शिवाय सिमेंटचा ग्राउट घट्ट असतो, रबरासारखा दबत नाही, 3 मिमी.ची दर्ज 5 मिमी. केल्याने हालचाल पचत नाही. म्हणून दर्ज एकाच मापाच्या फरश्यांच्या प्रत्यक्ष मापांतील फरकावरून ठरवावी, हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. अमेरिकी मानकानुसार ती त्या फरकाच्या किमान तिप्पट असावी व 1.6 मिमी.हून कमी कधीच नसावी. ब्रिटिश संहिता जमिनीसाठी किमान 3 मिमी. सांगते. कडा यंत्राने घासलेल्या (रेक्टिफाइड) फरश्यांना व्यवहारात 3 मिमी. पुरते.

खरी अडचण बाकाची, म्हणजे फरशीचा मधला भाग किंचित फुगलेला असण्याची. 120 सेंमी. लांबीच्या दोन फरश्या पृष्ठाला पृष्ठ लावून ठेवल्या, की मधले उंचवटे टेकतात आणि टोकांशी फट दिसते. अशी फरशी विटांसारखी निम्म्यावर सरकवून बसवली, तर एकीचा उंचवटा दुसरीच्या खाली गेलेल्या टोकाशेजारी येतो व अनवाणी पायाला कड लागते. म्हणून सरक एक-तृतीयांशापर्यंतच ठेवतात. दर्ज रुंद केल्याने हा चढउतार डोळ्यांना सौम्य वाटतो, नाहीसा होत नाही.

हालचालीची सोय वेगळ्या, लवचिक सांध्यांनी करतात. युरोपीय मानक तापत्या कोब्याचे तुकडे 40 चौ. मी. व 8 मी. बाजूपर्यंत मर्यादित ठेवते. 8 मी. कोबा 20° से.ने तापल्यास सु. 1.8 मिमी. वाढतो, भिंतीलगत व दाराच्या उंबऱ्याशी हे सांधे लागतात ते यासाठी. कोब्यातला सांधा फरशीतही त्याच रेषेत वर आणून सिलिकोनने भरावा लागतो. तो फरशीखाली झाकला, तर काही हिवाळ्यांत नेमक्या त्याच रेषेवर केसासारखी चीर फरश्या ओलांडत जाते, आणि दोष मात्र ग्राउटला दिला जातो.

चिकटवणारे द्रव्य लवचिक (युरोपीय वर्गीकरणात एस1, म्हणजे किमान 2.5 मिमी. वाकणारे) घेतात. सिमेंटचा नवा कोबा 21 दिवसांनंतर प्रथम हळूहळू तापवून निववतात; फरशी त्यानंतर. ग्राउट पुरता वाळेपर्यंत तापन बंद ठेवतात.