नावानिशी पाठवलेला शब्द: खानदेशातल्या समाजमाध्यमांची पार्श्वभूमी

दुसऱ्याकडून आलेला संदेश पुढं पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप त्यावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण दाखवतं. ही खूण जुलै २०१८ मध्ये सुरू झाली. एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढं पाठवता येईल, अशी भारतापुरती मर्यादाही कंपनीनं त्याच महिन्यात जाहीर केली आणि जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू केली. या बदलांमागं फोनवरच्या अफवांवरून जमावानं माणसं मारल्याच्या अनेक राज्यांतल्या घटना होत्या. पण ज्या घटनेनंतर केंद्र सरकारनं कंपनीला जाहीर ताकीद दिली, ती धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातली. शिक्षक, तलाठी, डॉक्टर, उमेदवार यांच्यासाठी समाजमाध्यमांचे जे नियम निघाले, ते समजून घ्यायचे तर त्या घटनेपाशी थांबावं लागतं, आणि तिच्याही आधी खानदेशात बातमी कशी फिरायची तिकडं पाहावं लागतं.

इथं बातमी बाजारातून फिरत आली. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांना आठवडे बाजार म्हणजे कापड, मिरची आणि खबर, तिन्ही एकाच फेरीत. गावात दवंडी पिटणारा कोण, हे सगळ्यांना ठाऊक असे. ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न अहिराणीत एवढाच: ‘कोनी सांगं?’ अमक्या आबांनी, तमक्या आप्पांनी सांगितलं, असं उत्तर आलं की खबरीला वजन चढायचं किंवा उतरायचं. सांगणारा पुढच्या बाजारी पुन्हा भेटणार असे, म्हणून त्यालाही जपून बोलावं लागे.

लेखी शब्दाचीही इथं मोठी परंपरा आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. हातानं लिहिलेला अंक, वाचणारी मुलं समोरच, आणि लिहिणारा त्यांच्यातच राहणारा. पुढं त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक काढलं, १९३८ मध्ये ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढलं. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं. त्यासाठी गुरुजी खानदेशातली गावं फिरले, माणसांशी प्रत्यक्ष बोलले. सार्वजनिक जीवनातल्या माणसानं लोकांशी कसं बोलावं, याचा यापेक्षा चांगला नमुना मला तरी माहीत नाही.

धुळ्यात दुसरी एक परंपरा घडत होती. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आयुष्याच्या अखेरच्या काळात इथं होते आणि १९२६ मध्ये इथंच वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यातच उभं राहिलं. घटनेनंतर पुष्कळ काळानं रचलेल्या बखरींपेक्षा त्या वेळचं अस्सल पत्र त्यांना अधिक मोलाचं वाटे. कुणी लिहिलं, कुणाला, कोणत्या मितीला, हे आधी पाहायचं. आज एखादा व्हिडिओ हातात आल्यावर विचारायचे प्रश्न हेच आहेत.

मग फोन आले. नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीला २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार दिलं गेलं, त्या काळात आसपासच्या पाड्यांवर साधा फोनसुद्धा तुरळक होता. ऑर्कुट, मग फेसबुक, हा प्रवास मुख्यतः जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांतल्या मुलांचा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि दोनेक वर्षांत व्हॉट्सअ‍ॅप शेताच्या बांधावर पोचलं. रावेर-यावलच्या केळीवाल्यांना भाव फोनवर कळू लागला, भाऊबंदकीचे गट झाले, गावाचे झाले, शाळेचे झाले. धुळे-मालेगावकडचे विनोदी व्हिडिओ यूट्यूबवर प्रचंड चालू लागले, अहिराणी गाणी लग्नांच्या डीजेवर गेली. अहिराणी ही मागासलेली बोली मानायची सवय यामुळं मोडली, हे या माध्यमांचं मोठं देणं आहे.

पण खबर सांगणारा माणूस आणि खबर यांची गाठ सुटली. संदेश काकांच्या फोनवरून यायचा, म्हणून तो काकांचा वाटायचा. तो काकांनी न वाचताच पुढं ढकललेला आहे, हे कळायला मार्ग नव्हता.

रविवार, १ जुलै २०१८. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजार भरला होता. मंगळवेढ्याच्या बाजूनं आलेली, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथं पोचली. पिढ्यान् पिढ्या भिक्षा मागत फिरणारा हा समाज. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्याआधी कित्येक दिवस फोनांवर फिरत होते. देशभर पसरलेल्या अशा व्हिडिओंपैकी एक तर कराचीतल्या बालसुरक्षेच्या जनजागृतीपटातून कापलेला होता. मूळ फितीत मुलाला उचलणारे लोक शेवटी ते परत आणतात आणि पालकांना सावध राहायला सांगतात. तेवढाच भाग कापून टाकलेला. त्या पाचांपैकी एकजण लहान मुलीशी बोलला, असं म्हणत जमाव जमला. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारलं. पाचही जणांचा जीव गेला.

मला त्या जागेचा विसर पडत नाही. ग्रामपंचायत म्हणजे गावाचं अधिकृत घर, जिथं नोंद होते, दाखला मिळतो. ती माणसं खरंच कोण आहेत, हे विचारायची जागा तीच होती. त्याच सुमारास मालेगावात अशाच अफवेवरून जमावानं एका कुटुंबाला घेरलं, लहान मूलही त्यांच्यासोबत होतं. तिथं पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं आणि ते वाचले.

३ जुलैला केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं व्हॉट्सअ‍ॅपला इशारा दिला. कंपनीनं वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या, ‘फॉरवर्डेड’ची खूण आणली, पाचाची मर्यादा जाहीर केली. १७ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं झुंडबळींच्या प्रकरणी राज्यांना सविस्तर निर्देश दिले, प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार पोलीस अधिकारी नेमण्याचाही त्यात समावेश होता. एप्रिल २०२० पासून फार वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येऊ लागला. यंत्राच्या हातात एवढंच होतं. पाठवणाऱ्याचं पद, त्याच्यावरचा विश्वास, हे कुठल्याच खुणेत मावत नाही. गावच्या गटात शाळेतल्या गुरुजींनी टाकलेला संदेश आणि एखाद्या अनोळखी पोरानं टाकलेला तोच संदेश लोक सारख्या नजरेनं वाचत नाहीत. पदावरच्या माणसानं पुढं पाठवलं, म्हणजे त्यानं खातरजमा केली, असंच गाव धरून चालतं.

अफवेला फोन लागतोच असंही नाही. २२ जानेवारी २०२५ ला पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची हूल उठली, प्रवासी खाली उतरले आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली दहाहून अधिक जणांचा जीव गेला.

नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरची गोष्ट वेगळी आणि तितकीच शिकवणारी. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू तिथल्या कुक्कुटपालनात आढळला. तो खरा होता, सरकारनं जाहीर केला होता, पक्षी नष्ट केले गेले. २०२० च्या सुरुवातीला मात्र कोंबडी खाल्ल्यानं कोरोना होतो, ही निव्वळ थाप फोनवरून फिरली आणि सगळीकडं कोंबडीचे भाव कोसळले. पुन्हा २०२१ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू खरोखर आला. खरी साथ आणि खोटी साथ एकाच रस्त्यानं येऊ लागली, की पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा वेळेवर आलेला, सही-तारखेचा एक संदेश शेतकऱ्याचं घर वाचवू शकतो. त्यानं उशीर केला, की ती जागा दुसरं कुणीतरी भरतं.

कायद्याची वाट वळणावळणाची आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली. त्यातून आक्षेपार्ह ऑनलाइन मजकूर गुन्हा ठरवणाऱ्या, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ कलमाला आव्हान मिळालं आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं. गटातल्या सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन म्हणून कुणी दोषी ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलं. स्वतः अफवा पसरवणाऱ्याला मात्र सूट नाही; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं ३५३ वं कलम त्यासाठी आहे.

धंद्या-पेशांचे नियम त्याच सुमारास आले. निवडणूक आयोगानं ऑक्टोबर २०१३ मध्ये उमेदवारांना समाजमाध्यमांवरची खाती जाहीर करायला आणि तिथला खर्च हिशेबात धरायला लावलं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं ऑगस्ट २०२३ मध्ये डॉक्टरांसाठी नियमावली काढली: रुग्णाचे फोटो टाकू नका, उपचारांची चर्चा जाहीरपणे करू नका, लाइक विकत घेऊ नका. काही आठवड्यांतच ती स्थगित झाली, तरी यातली प्रत्येक गोष्ट चांगला डॉक्टर नियमावाचूनही पाळतो. साडीच्या किंवा सोन्याच्या दुकानासाठी पैसे घेऊन रील करणाऱ्यांनी ती जाहिरात आहे हे स्पष्ट सांगावं, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी २०२३ मध्ये बजावलं.

सरकारी कर्मचाऱ्यांसाठी राज्य सरकारच्या सूचना २८ जुलै २०२५ च्या. खासगी आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवायची, गणवेश, सरकारी वाहन, इमारत यांचे रील खासगी खात्यावर टाकायचे नाहीत, गोपनीय कागद बाहेर जाऊ द्यायचा नाही, बदलीवर कार्यालयीन खातं रीतसर सोपवायचं. हे सगळं रास्त आहे. खातं पदाचं असतं. अधिकारी बदलून गेला तरी लोकांना ते सापडलं पाहिजे. धोरणांवर टीका करायची नाही, ही अट मात्र मला खटकते. शाळेचं छप्पर गळतं, असं लिहिणाऱ्या शिक्षिकेलाही त्या अटीची भीती वाटेल, आणि गावाला खरी माहिती देणारा एक माणूस गप्प होईल.

या सूचनांनुसार योजनांची माहिती प्राधिकृत माणसानंच प्रसारित करायची आहे. धडगाव, अक्कलकुव्याकडं लोक भिली आणि पावरी बोलतात. आरोग्य विभागाची सूचना त्यांच्यापर्यंत येते ती कार्यालयीन मराठीतली पीडीएफ म्हणून. अफवा येते बोलीत, आवाजी संदेशातून. उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेनं लसीकरणाची तारीख आपलं नाव आणि उपकेंद्र सांगून पावरीत अर्ध्या मिनिटात बोलून टाकली, तर ती पाड्यावर ऐकली जाईल, आणि शंका आली तर तिलाच विचारता येईल. जिल्हा परिषदेनं अशा आरोग्यसेविकांना, बोली येणाऱ्या शिक्षकांना आणि ग्रामसेवकांना ही परवानगी आधीच, लेखी देऊन ठेवायला हवी. साथ आल्यावर परवानगीची फाईल तालुक्याहून नंदुरबारला आणि तिथून परत फिरेपर्यंत थांबायला तेव्हा वेळ नसतो.