हातचा येईपर्यंत

१,११,१११ वगैरे नव्हे, सलग नऊ एकं घ्या: १११११११११. या संख्येला तिनेच गुणलं की उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकी संख्या, साधारण १२३ कोटी कोटी. उलटी वाचा, सुलटी वाचा, तीच.

चमत्कार वाटतो, पण कागदावर १११ गुणिले १११ करून बघा. तिन्ही ओळी १११च्याच, प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकलेली. उभ्या बेरजा घेत गेलं की १, २, ३, २, १. म्हणजे इथला प्रत्येक अंक हा त्या रकान्यात किती एकं पडले याची नुसती मोजदाद आहे. नऊ एकं घेतले तरी मधल्या रकान्यात नऊच जमतात. हातचा कुठेच येत नाही, सगळी गंमत त्यातच आहे.

अशा संख्यांना 'डेम्लो' नाव दिलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. डहाणूत १९०५ साली जन्मलेले आणि देवळालीच्या शाळेत शिकवणारे हे मास्तर ६१७४ या स्थिरांकामुळे (चार अंकांच्या उतरत्या मांडणीतून चढती मांडणी वजा करत राहिलं की बहुधा याच संख्येवर येऊन थांबतं) जगभर ठाऊक आहेत. डेम्लो म्हणजे जुन्या जी.आय.पी. (आताच्या मध्य) रेल्वेवरचं आजचं डोंबिवली. कल्पना त्यांना तिथल्या स्टेशनावर सुचली. (आज त्या फलाटावर पाय ठेवायला जागा मिळाली तरी पुष्कळ.)

कापरेकरांचीच दुसरी देणगी म्हणजे हर्षद संख्या: अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो ती. आपल्या संख्येतल्या अंकांची बेरीज ८१. नऊ एकांच्या संख्येला ९ ने भाग जातो, भागाकार १२३४५६७९, त्यात ८ नाही. मग तिच्या वर्गाला ८१ ने भाग जाणारच. म्हणजे ही संख्या हर्षदही ठरली. आठ एकांना हे जमत नाही: १२३४५६७८७६५४३२१ मधल्या अंकांची बेरीज ६४, आणि संख्या विषम. नऊ एकांच्या वर्गाची पूर्ण फोड करायची तर ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग. एकूण विभाजक ४५.

आता हाव सुटून दहावा एक जोडा. मधल्या रकान्यात दहा जमतात: मांडला शून्य, हातचा एक. शेजारी नऊ होते, त्यांचे दहा झाले: पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. त्यापुढच्या आठाचा नऊ झाला आणि तिथे गाडी थांबली. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ गायब, उजवीकडचा जागेवर, त्यामुळे उलटसुलट वाचायची सोय संपली. प्रत्येक हातच्यामागे दहाच्या जागी एकच मांडला जातो, म्हणून अंकांच्या बेरजेतून नऊ गळतात. दोन हातचे, अठरा गळाले; १०० च्या जागी उरले ८२. संख्या विषम, ८२ सम. भाग जायचा प्रश्नच नाही.