फेणीचा फेस

एप्रिलात गोव्यात सत्तरीच्या बाजूला काजूची दारू गाळायच्या भाटीवर थोडा वेळ उभं राहिलं, की बोंडूंचा आंबूस वास कपड्यांतून घरापर्यंत सोबत येतो. फेणी जमली का, हे बघायला भाटीवाल्याने ती नारळाच्या करटीत घेतली आणि वीतभर उंचावरून पेल्यात धार सोडली. कडेला मोत्यांसारखे बुडबुडे जमले, रेंगाळले. "मीटर आसा, पूण फेण फटयना," तो म्हणाला. अल्कोहोल मोजायचा मीटर आहे, पण फेस फसवत नाही!

खरं आहे त्याचं. नुसत्या पाण्यात असे बुडबुडे लगेच फुटतात, निव्वळ अल्कोहोलमध्येही. बोंडूंचा आंबवलेला रस पहिल्यांदा गाळून मिळणाऱ्या हुर्राकात अल्कोहोल पंधरा टक्क्यांच्या आसपास, तिथेही फेस धरत नाही. फेणीत ते 42 टक्क्यांच्या घरात जातं आणि फेस टिकतो. मेक्सिकोत मेझकाल या तिथल्या दारूची पारख अशीच करतात.

गंमत अशी, की 30 अंश तापमानाला पाणीही पातळ, अल्कोहोलही पातळ. पण फेणीइतक्या कडक मिश्रणाचा दाटपणा पाण्याच्या दुपटीहून जास्त. शिवाय 50 मिलिलिटर पाण्यात 50 मिलिलिटर अल्कोहोल ओतलं तर भरतं जेमतेम 96. उरलेलं कुणी प्यायलेलं नसतं. आवर्त सारणीवाल्या मेंडेलीवने 1865 साली याच मिश्रणावर प्रबंध लिहिला होता.

शाळेत आपण द्रव म्हणजे घन आणि वायू यांच्या मधलं काहीतरी असं शिकलो. माझ्या मते ते चित्र दिशाभूल करतं. गर्दीच्या बाबतीत द्रव घनाला अगदी खेटून असतो. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आठवा: खांद्याला खांदा, तरी शेजारी सतत बदलतात. द्रवरूप आर्गॉनमध्ये एका अणूला दहा-बारा शेजारी असतात. पाण्याच्या रेणूला जवळचे असे साधारण चारच, कारण हायड्रोजन बंध ठरावीक दिशांनीच जुळतात. म्हणून पाण्यात पोकळ्या राहतात. हे बंध सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागाच्या हिशेबात तुटतात, जुळतात.

अल्कोहोलच्या रेणूचं एक टोक पाण्याशी बंध जोडतं, दुसरं तेलकट. हे शेपूट पोकळ्यांत शिरतं, म्हणून आकारमान घटतं. त्याच्याभोवती पाण्याचे रेणू हात घट्ट धरतात, शेजारी बदलणं मंदावतं आणि द्रव दाट होतो. मग बुडबुड्याच्या पापुद्र्यातलं पाणी सावकाश निथळतं. त्यात पापुद्र्यावरचं अल्कोहोल आधी उडतं, तिथला पृष्ठताण वाढतो आणि आजूबाजूचा द्रव तिकडे ओढला जातो. पापुद्रा स्वतःलाच ठिगळ लावतो म्हणा ना.

भाटीवाल्याने पेल्यात दोन करट्या हुर्राक ओतला आणि पुन्हा धार सोडली. बुडबुडे आले तसे गेले.