डिझेल इंजिन बसवले की जुन्या जीपची ताकद वाढतेच का?

“जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन टाका, ताकद वाढते आणि बाकी काही बदलावे लागत नाही,” असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो. कसारा घाटात डिझेल गाडी इंजिनाच्या कमी फेऱ्यांवरही नेटाने चढते, हे नाशिककरांनी पाहिलेले असल्याने तो पटतोही. मात्र तो अनुभव टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराचा आहे. ताकद ठरते ती टॉर्क आणि फेऱ्यांच्या गुणाकारावर, आणि जुनी डिझेल इंजिने फार फेऱ्या घेत नाहीत. मिनिटाला ४००० फेऱ्यांवर ताशी १०० किलोमीटर गाठणाऱ्या जीपमध्ये जास्तीत जास्त ३२०० फेऱ्यांचे इंजिन बसवले, तर त्याच गिअरबॉक्स व डिफरन्शियलवर (चाकांकडे गती नेणाऱ्या गिअरसंचावर) वेग ८० वरच थांबतो. दोन्ही इंजिनांच्या पुस्तिकांतील आकडे शेजारी ठेवून हे पडताळता येते.

ब्रेकची बाब अधिक गंभीर आहे. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलमुळे (हवा अडवणाऱ्या झडपेमुळे) मिळणारा व्हॅक्यूम डिझेलमध्ये मिळत नाही, त्यामुळे ब्रेकला बूस्टर (व्हॅक्यूमच्या मदतीने पेडलचा जोर वाढवणारा भाग) असल्यास वेगळा पंप लागतो, जो बहुधा अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) मागे असतो. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, मग दाबून धरून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले नाही, तर बूस्टरला व्हॅक्यूम पोहोचत नाही असे समजावे.

शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार इंजिन बदलण्यास नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता लागते. केवळ इंजिनाचे बिल पुरत नाही.