पर्जन्यमापन नोंद (कोल्हापूर जिल्हा)

ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी मोजलेल्या पावसाची दैनिक लेखी नोंद. हवामानाचे दीर्घकालीन चढउतार अशा सलग नोंदींवरूनच कळतात. सरासरीसाठी ३० वर्षे धरतात, सध्या १९९१–२०२०. जिल्ह्यात एका गावचा आकडा दुसऱ्या गावाला चालत नाही. घाटमाथ्यावरच्या गगनबावड्यात वर्षाला ५,००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडच्या शिरोळात जेमतेम त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा.

शहरात पावसाळाभर चर्चा असते ती पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीच्या फुटांची (३९ इशारा, ४३ धोका). पण नदीची पातळी धरणांच्या विसर्गावर आणि खालच्या बाजूने मागे तुंबणाऱ्या पाण्याच्या फुगीवरही ठरते. ती पावसाची नोंद नव्हे.

पर्जन्यमापकाची कड जमिनीपासून ३० सें.मी. उंच ठेवतात. जवळच्या झाडा-भिंतीपासूनचे अंतर त्या झाडा-भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट हवे. सकाळी ८.३० वाजता नरसाळ्याखालच्या बाटलीत साठलेले पाणी मोजपात्रात ओतून, डोळा पाण्याच्या पातळीला आणून दशांशापर्यंत वाचतात. नोंद वाचनाच्या तारखेला पडते: ४ जुलैच्या संध्याकाळचा पाऊस ५ जुलैच्या रकान्यात. २.५ मि.मी. किंवा अधिक पाऊस झाला तरच तो 'पावसाचा दिवस'.

चुका बहुतेक सवयीच्या असतात. सुट्टीचे पाणी सोमवारी एकदम मोजले की बेरीज जुळते, पण अतिवृष्टीचा खोटा दिवस तयार होतो. अशा आकड्यापुढे 'इतक्या दिवसांचा' असे लिहावेच लागते. कोरडा दिवस कोरा सोडणे ही सर्वांत महागडी चूक, कारण पुढे तो शून्य होता की नोंदच राहिली, हे कुणालाच सांगता येत नाही. २०० चौ.सें.मी. तोंडाच्या मापकाला १०० चौ.सें.मी.चे मोजपात्र वापरले तर पाऊस दुप्पट दिसतो. त्याच मापकाची ४ लिटरची बाटली २०० मि.मी.ला भरते, म्हणून गगनबावड्यासारख्या ठिकाणी जोराच्या पावसात मधेच मोजून बेरीज करावी लागते. नरसाळ्यात पाने अडकली, शेजारचे झाड वाढले, तर आकडा हळूहळू घटतो आणि तो हवामानातला बदल भासतो.

हा फरक ओळखण्यासाठी शेजारच्या केंद्रांच्या एकत्रित बेरजेशी आपली चढती बेरीज आलेखावर ताडतात. रेषा जिथे मोडते, तिथे मापक हलवल्याची तारीख नोंदवहीत सापडायला हवी. स्वयंचलित मापकाची डोलणारी (भरली की उलटणारी) पळी मुसळधार पावसात पाणी कमी मोजते, म्हणून नवे यंत्र बसवल्यावरही जुना मापक काही पावसाळे शेजारीच चालू ठेवावा.