दिव्यांग सर्टिफिकेट ५ वर्षांनी बाद होतं का?

"दिव्यांग सर्टिफिकेट ५ वर्षांनी आपोआप बाद होतं, सगळ्यांनी नवीन काढा नाहीतर पगार बंद" हा मेसेज सारखा फिरतोय. घाबरायचं साहजिकच आहे, पण तसं सरसकट नसतं.

फोल्डरमधला कागद काढा आणि खालच्या ओळी नीट वाचा. फेरतपासणीची गरज नाही असं लिहिलं असेल तर ते कायमचं, त्याला मुदत नाही. डॉक्टरांना फरक पडेल असं वाटलं तर अमुक तारखेपर्यंत वैध असं तिथेच लिहितात, मग त्या तारखेआधी मेडिकल बोर्डाकडे परत जावं लागतं. पाय कापलेल्या माणसाला दर ५ वर्षांनी कशाला तपासतील? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालच्या नियमांतच ही कायम-तात्पुरती विभागणी आहे.

गोंधळ होतो तो पगारामुळे. आपण ज्याला पगार म्हणतो ते संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान वेगळं प्रकरण आहे, सर्टिफिकेट कायमचं असलं तरी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावाच लागतो, तो राहिला की पैसे अडकतात आणि लोकांना वाटतं सर्टिफिकेटच संपलं. पैसे थांबले तर आधी तहसीलच्या संजय गांधी शाखेत किंवा तलाठ्याकडे विचारा, काय राहिलंय ते कळेल.