अध्ययन उद्दिष्टे (नवशिक्यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतील)

अभ्यासक्रम किंवा त्यातील एखादा पाठ पूर्ण झाल्यावर शिकणाऱ्याला नेमके काय करता येईल, हे आधीच ठरवून सांगणाऱ्या विधानास अध्ययन उद्दिष्ट म्हणतात. शिक्षक काय शिकवणार याची यादी म्हणजे उद्दिष्ट नव्हे, ही गोष्ट अभ्यासक्रम रचणारेही अनेकदा विसरतात. ऑनलाइन अभ्यासक्रमात शिकणाऱ्याचा चेहरा पाहून मुद्दा पुन्हा समजावण्याची सोय नसते, त्यामुळे उद्दिष्टातील मोघमपणा तेथे अधिक जाचक ठरतो.

अभ्यासक्रमरचनेचा आरंभ उद्दिष्टांपासून व्हावा, ही मांडणी अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी १९४९ मध्ये केली. बेंजामिन ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये बोधात्मक (म्हणजे ज्ञान व विचार यांच्याशी संबंधित) उद्दिष्टांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्याच्या २००१ मधील सुधारित रूपात स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन आणि निर्मिती अशा सहा पायऱ्या आहेत. रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्ये उद्दिष्टाचे तीन घटक सांगितले : शिकणाऱ्याची दिसू शकणारी कृती, ती ज्या परिस्थितीत करायची ती परिस्थिती आणि ती पुरेशी जमली हे ठरवण्याचा निकष. मेगर यांची मांडणी मुळात शिक्षकाविना चालणाऱ्या क्रमान्वित अध्ययनासाठी, म्हणजे लहान पायऱ्यांनी स्वतःच शिकण्याच्या पद्धतीसाठी होती, म्हणूनच ती ऑनलाइन अभ्यासक्रमांना सहज लागू पडते.

नवशिक्यांच्या बाबतीत उद्दिष्ट ठरवण्यापूर्वी त्यांचे पूर्वज्ञान तपासणे सर्वांत महत्त्वाचे असते. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील मराठी भाषकांसाठी कन्नडचा प्राथमिक अभ्यासक्रम रचायचा झाल्यास हे चटकन लक्षात येते. बाजारात सफाईने कन्नड बोलणाऱ्या, पण मराठी माध्यमात शिकल्यामुळे लिपी सरावाची नसलेल्या शेतकऱ्याला जमिनीचा कन्नड उतारा वाचायचा असतो; महाराष्ट्रातील चंदगडकडून लग्न होऊन आलेल्या, कन्नड न येणाऱ्या तरुणीला आधी दोन वाक्ये बोलायची असतात. दोघेही नवशिकेच, परंतु त्यांना एकाच उद्दिष्टाच्या दावणीला बांधणे व्यर्थ आहे.

‘शिकणाऱ्यास कन्नड लिपीची ओळख होईल’ हे विधान शेतकऱ्याच्या उपयोगाचे नाही, कारण ओळख झाली की नाही हे तपासायचे कसे, ते त्यातून कळत नाही. त्याऐवजी ‘मोबाइलच्या पडद्यावरील उताऱ्यातून सर्व्हे नंबर, खातेदाराचे नाव आणि एकर-गुंठ्यांतील क्षेत्र, कोणाच्याही मदतीशिवाय, पाच मिनिटांत शोधता येईल’ असे लिहिल्यास कृती, परिस्थिती आणि निकष तिन्ही स्पष्ट होतात. मग रचनाकार उलट्या दिशेने चालतो : प्रथम चाचणीसाठी नमुना उतारा निवडतो, नंतर त्या उताऱ्यापुरती अक्षरे. क्षेत्राच्या रकान्यावर ‘विस्तीर्ण’ हा शब्द असतो. मराठी वाचकाला तो अर्थाने परका नाही. अडचण लिपीची आहे. कन्नडमध्ये जोडाक्षरातील दुसरे व्यंजन सामान्यतः पहिल्याच्या खाली उतरते, आणि रफार अक्षराच्या डोक्यावर न बसता त्याच्या उजवीकडे येतो. त्यामुळे ‘स्ती’ आणि ‘र्ण’ यांसाठी दोन स्वतंत्र छोटी उद्दिष्टे ठेवावी लागतात, तर अर्थासाठी एकही नाही. संपूर्ण वर्णमाला क्रमाने पाठ करून घेण्याचा हट्ट येथे सोडलेला बरा.

एका पाठाला एक किंवा दोन उद्दिष्टे पुरतात. पहिले उद्दिष्ट पहिल्याच बैठकीत गाठता येईल इतके लहान असावे, कारण पहिल्या पाठातच अडखळलेल्या नवशिक्याला सोडून जाण्यापासून थांबवणारे ऑनलाइन वर्गात कोणी नसते. चाचणीही उद्दिष्टातील कृतीशी जुळली पाहिजे. बहुपर्यायी प्रश्नांतून अक्षर ओळखणे तपासता येते, बोलणे नाही. म्हणून त्या तरुणीसाठी आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवण्याची सोय हवी. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ व्यासपीठावरील अभ्यासक्रमांत चित्रफीत, वाचनसाहित्य, चर्चा आणि स्वयंमूल्यमापन असे चार भाग असतात; या चारही भागांना एकत्र बांधण्याचे काम उद्दिष्टच करते.

या पद्धतीवर आक्षेपही आहेत. शिक्षणातील सर्वच फलिते आधी सांगता येत नाहीत, असे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एलियट आयझनर यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले. कला व साहित्य यांच्या अध्यापनात हा आक्षेप वजनदार ठरतो. भाषेच्या प्राथमिक अभ्यासक्रमात त्याची धार कमी असली, तरी संवादाचे पाठ रचताना तो विचारात घ्यावा लागतो, कारण आठवडी बाजारात समोरचा माणूस निम्मे वाक्य कन्नडमध्ये आणि निम्मे मराठीत बोलतो, आणि तेव्हा काय उत्तर द्यावे हे कोणत्याही उद्दिष्टात आधी लिहून ठेवता येत नाही.